पिसेंच्या नावाची पट्टी

"मग लावू ना पट्टी, मास्तर?"

दस्तगीर मास्तर शिष्यानं शिवलेला शर्ट उलटसुलट करून बघत होते.

सुधाकर पिसे चार वर्षं मिरजेत त्यांच्या हाताखाली शिवणकाम शिकला होता. पाडव्याला तासगावात त्याचं स्वतःचं दुकान उघडायचं होतं. पण मास्तरांची एक रीत होती. त्यांनी 'लाव' म्हटल्याशिवाय शिष्यानं कॉलरच्या आत स्वतःच्या नावाची पट्टी शिवायची नाही. आणि मास्तरांचा होकार नसलेल्या शिंप्याकडे त्या भागातलं जाणतं गिऱ्हाईक कपडे टाकत नसे.

सुधाकरनं तर शंभर पट्ट्या आधीच विणून आणल्या होत्या, सोनेरी धाग्यात. नाही म्हणतील हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. का यावं? शर्ट होताच तसा. पांढरं पॉपलिन, आणि कॉलर अशी की माशी बसली तर घसरून पडावी.

"कॉलर ताठ ठेवणारं हे आतलं बकरम तूच चिकटवलंस?"

"दोन मिनिटांत. मिरजेत दुसऱ्या कुणाला जमत असेल तर दाखवा."

"कापड भिजवलं होतंस आधी?"

"नव्या कोऱ्या कापडाला कशाला पाणी दाखवायचं?"

"आणि इस्त्री?"

"फिरवली की. सरसर."

मास्तर उठले, मोरीतल्या बादलीपाशी गेले आणि शर्ट पाण्यात बुडवला. चांगला खळबळून काढला.

सुधाकर मागे धावला. "मास्तर, अहो..."

"गिऱ्हाईक आठ दिवसांनी करणार, ते मी आज केलं."

शर्ट तारेवर वाळत पडला. दुपारपर्यंत सुधाकर मनातल्या मनात धुमसत होता. म्हाताऱ्याला आपलं कौतुक बघवत नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

वाळलेला शर्ट मास्तरांनी त्याच्या पुढ्यात ठेवला. कापड आटलं होतं, बकरम होतं तेवढंच राहिलं होतं. कॉलरभर फुगे आले होते. एका टोकाला तर बकरम सुटून आत गोळा झालं होतं.



"पहिल्या वर्षी काय शिकवलं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"कापड आणि बकरम, दोन्ही आधी भिजवून वाळवायचं."

"आणखी?"

"तुकड्यावर चिकटवून बघायचं. खरखरीत बाजू कापडाकडे. इस्त्री टेकवायची, दाबायची, पंधरा मोजून उचलायची. सरकवायची नाही. गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

"सगळं पाठ आहे."

"ते नवशिक्यांसाठी असतं, असं वाटलं..." सुधाकरचा आवाज उतरला. त्याला मनापासून लाज वाटली.

मास्तरांनी टेबलावरची एक पट्टी उचलली आणि सुईदोऱ्यासकट त्याच्यापुढे धरली.

"लाव."

"याला?"

"नाव लावायचं होतं ना?"

"याच्यावर माझं नाव नको, मास्तर. लोक हसतील. मी दुसरा शिवतो."

"सकाळी मागितलंस, तेव्हा शर्ट हाच होता."

...

सुधाकरनं त्या फुग्यांवरून बोट फिरवलं. पिसे घराण्यात सात पिढ्यांत कुणी स्वतःची शिलाई नाकारली नव्हती. चुकली असेल, पण आपलीच. त्यानं मान वर केली, सुई घेतली आणि पट्टी शिवायला बसला. एकेक टाका इतका नेटका घातला, की जणू शर्ट एखाद्या राजाच्या अंगावर जायचा होता. शेवटी गाठ मारून त्यानं दोरा तोडला.

"शिवली," तो म्हणाला. या वेळी आवाज पडला नव्हता. "आता हा कुणाच्या गळ्यात घालायचा, ते सांगा."

माप मास्तरांचंच होतं. त्यांनी अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला, तो फुगे आलेला चढवला आणि गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली. मग आरशासमोर उभं राहून त्यांनी कॉलर दोन्ही हातांनी नीट केली.

"बाकीच्या पट्ट्याही लाव आता. पाडव्याला तुझ्या दुकानात हाच घालून पहिल्या खुर्चीत बसणार आहे मी."