अंड्यांचा पंचनामा

ओल्या रस्त्यावर सात गाड्या एकमेकींवर आदळल्या, की दोष नेमका सगळ्यांत छोट्या गाडीचा निघतो. इथेही तेच झालं. घाटात दरड कोसळलेली दिसली, म्हणून दस्तगीर मुजावरांनी अंड्यांचा टेम्पो थांबवला. मागची आरामबस त्यावर आदळली आणि बसवर आणखी पाच गाड्या. दावा मात्र बसमालकाने दस्तगीरचाचांवर ठोकला. हरले तर टेम्पो जप्त होणार होता.

बसमालकाचे नामांकित वकील कोर्टात गरजले, "पावसात या माणसाने कचकन ब्रेक दाबला! हौद्यात नुसतं ऑम्लेट झालं होतं!"

कोर्ट हसलं. चाचा उठले.

"वकीलसाहेब, पंचनामा तुमच्याच हातात आहे. कुठली अंडी फुटली, वाचा की."

"मागच्या चार रांगांतली. त्याचं काय?"

"आणि केबिनला टेकलेली?"

वकिलांनी पान उलटलं. "शाबूत," ते पुटपुटले.

"कचकन ब्रेक दाबला की माल पुढे सरकतो, साहेब. केबिनजवळची अंडी आधी फुटतात. मी तर बेताने थांबलो. मी अंडी सांभाळून थांबू शकतो, तर चाळीस माणसं घेऊन येणाऱ्या तुमच्या ड्रायव्हरला काय झालं होतं?"

न्यायाधीशबाईंनी पंचनामा मागून घेतला, तो वाचला आणि दावा फेटाळला.

वकीलसाहेब खाली बसले. अगदी हळू, कुठेही न आदळता.