पहिल्या पानावरचं नाव

लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं कोळवाडीच्या शाळेतल्या प्रत्येक गोष्टीच्या पुस्तकात, पहिल्याच पानावर, दौलतराव इंगवल्यांचं नाव होतं. पुस्तकं त्यांनीच दिली होती. मुलं ती घरी नेत आणि त्यांच्या आया चुलीपुढे बसून त्यांच्याकडून वाचायला शिकत. त्यांतल्या देऊबाईला तर नुकतीच कुठे गोडी लागली होती.

पालकसभेत दौलतरावांनी एक पुस्तक उघडलं. पानावर हळदीचे डाग, वर आमटीचा वास!

"हे पुस्तक आहे का पोळपाट? उद्यापासून कपाटाला कुलूप!" ते गरजले.

मुख्याध्यापिका कुलूप शोधायला उठल्या.  पदर सावरत देऊबाईही उठली.

"लावा कुलूप, अण्णा. पण मी जन्मात पहिल्यांदा वाचलं ते तुमचंच नाव. आमच्या आळीतल्या सगळ्या बाया तिथूनच सुरुवात करतात. बंद कपाटात ते कोण वाचणार? झुरळं! आणि ती मेली वाचत नाहीत, खातात!"

सभा खो खो हसली. दौलतरावांनी घसा खाकरला, मिशीवरून हात फिरवला आणि ते मुख्याध्यापिकांना म्हणाले, "बाई, शेवटच्या पानावरही माझं नाव घाला. तिथवर पोचल्या पाहिजेत सगळ्या."