चाकाखालची पिल्लं

एक होती उंदरीण. चिमटीएवढी. म्हणून तिचं नाव चिमटी.

चिमटी राहायची पत्र्याच्या शेडमध्ये. शेडमध्ये उभा होता एक जुना ट्रॅक्टर. कधीकाळी लाल होता, आता विटला होता. तीन वर्षं तो हलला नव्हता. अंगावर धूळ. दिव्यांवर जाळी. धुरांड्यात वाळकी पानं. मागची चाकं जमिनीवर बसून खराब होऊ नयेत, म्हणून त्याच्या पोटाखाली लाकडाचे ओंडके लावले होते.

एका चाकाखाली चिमटीचं बीळ. बिळात चार पिल्लं. डोळे मिटलेली, उघडीबोडकी.

एके दिवशी सकाळी चिमटी दाणे आणायला गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओंडका आतून वाळवीनं खाल्ला होता.

कड्! ओंडका मोडला.

धप्प! चाक खाली बसलं. बरोबर बिळाच्या तोंडावर.

चिमटी परत आली. तोंडात ज्वारीचा दाणा. बघते तर काय? बीळच नाही! नुसतं काळं काळं चाक. तिच्या तोंडातला दाणा पडला.

तिनं चाकाला कान लावला. आतून आवाज आला, "चीं! चीं! चीं! चीं!" चारही पिल्लं रडत होती.

चिमटी उकरायला लागली. खरखर, खरखर. खाली कडक मुरूम. तिचं एक नख तुटलं. बीळ काही उघडेना.

मग चिमटी ट्रॅक्टरला म्हणाली, "ट्रॅक्टरदादा, ट्रॅक्टरदादा, थोडं सरक.
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

ट्रॅक्टर म्हणाला, "इंजिन फिरेना, तर मी कसा हलू? जा, इंजिनाला सांग."

चिमटी वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. इंजिन गार पडलं होतं.

"इंजिनदादा, इंजिनदादा, थोडं फिर.
ट्रॅक्टर हलेना,
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

इंजिन म्हणालं, "डिझेल वाहेना, तर मी कसं फिरू? जा, डिझेलला सांग."

चिमटी टाकीवर गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. टाकीत जुनं डिझेल होतं. काळं, घाण वासाचं. तळाला हा एवढा गाळ.

"डिझेलदादा, डिझेलदादा, थोडं वाहा.
इंजिन फिरेना,
ट्रॅक्टर हलेना,
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

डिझेल म्हणालं, "मिस्त्री गाळ काढेना, तर मी कसं वाहू? जा, मिस्त्रीला सांग."

मिस्त्री राहतो फाट्यावर. फाटा लांब. चिमटीनं निघायच्या आधी पुन्हा चाकाला कान लावला.

"चीं. चीं. चीं."

तीन? तिनं पुन्हा ऐकलं. तीनच.

चिमटी पळत सुटली. दाराखालच्या फटीतून बाहेर. बांधावरून. काट्यांतून. वर घार फिरत होती. चिमटी दगडाखाली लपली. घार गेली. चिमटी पुन्हा पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. तिचे पाय पोळले. ती थांबली नाही.

फाट्यावर बशीर मिस्त्री होता. हातात पान्हा, हात काळेकुट्ट. ठक ठक, ठक ठक, कुणाची तरी मोटर दुरुस्त करत होता.

"मिस्त्रीकाका, मिस्त्रीकाका, थोडा गाळ काढा.
डिझेल वाहेना,
इंजिन फिरेना,
ट्रॅक्टर हलेना,
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

बशीर मिस्त्रीनं पान्हा खाली ठेवला. "कुठला ट्रॅक्टर? भानूचा?" तो म्हणाला. "त्या शेडला कुलूप आहे. गिरजावहिनी चावी देईनात, तर मी गाळ कसा काढू? दोनदा मागितली मी. जा, त्यांना सांग."

चिमटी परत पळाली. काट्यांतून. बांधावरून. तुरुतुरु, तुरुतुरु.

गिरजा अंगणात तूर पाखडत होती. फट् फट्, फट् फट्. तिच्या कमरेला चावी होती.

"गिरजाताई, गिरजाताई, थोडी चावी दे.
मिस्त्री गाळ काढेना,
डिझेल वाहेना,
इंजिन फिरेना,
ट्रॅक्टर हलेना,
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

गिरजाचं सूप थांबलं. तिनं चावी मुठीत धरली.

"आबा बोलेनात, तर मी चावी कशी देऊ? ट्रॅक्टर त्यांच्या मुलाचा, माझ्या नवऱ्याचा, भानूचा. भानू आजारी पडला आणि मरून गेला. त्यांनी सांगितल्याशिवाय मी शेड उघडणार नाही. जा, आबांना सांग."

आबा ओट्यावर बसले होते. पाठ भिंतीला. नजर शेडकडे. शेजारी चहा होता. त्यावर साय धरली होती.

"आबा, आबा, थोडं बोला.
गिरजाताई चावी देईना,
मिस्त्री गाळ काढेना,
डिझेल वाहेना,
इंजिन फिरेना,
ट्रॅक्टर हलेना,
बीळ उघडेना,
माझी पिल्लं आत!"

आबा काहीच बोलले नाहीत.

चिमटीनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. आबा गप्प.

मागून गिरजा हळूच म्हणाली, "तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी ट्रॅक्टर वाजत यायचा. आबा म्हणायचे, आला गं भानू. आता ट्रॅक्टर वाजेना, तर आबा कसे बोलतील?"

ट्रॅक्टर वाजेना, आबा बोलेनात. आबा बोलेनात, ट्रॅक्टर वाजेना.

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नाही.

चिमटी शेडमध्ये गेली. पळत नाही, चालत. तिनं चाकाला कान लावला. खूप वेळ लावला.

"चीं…"

मग काहीच नाही.

मग दुसऱ्या पिल्लाची, "चीं…"

चिमटी परत ओट्यावर आली. आबांच्या पायावर चढली. गुडघ्यावर चढली. हातावर बसली. आता तिनं काहीच मागितलं नाही. ती एवढंच म्हणाली,

"आबा, सकाळी चार रडत होती. मग तीन. आता दोनच रडतात. मला ऐकू येतं, पण मला जाता येत नाही."

त्यांनी चिमटीकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शेडवरची नजर काढली.

आबांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं.

"गिरजे," आबा म्हणाले. "चावी दे. लवकर दे."

आबा बोलले!

गिरजानं पदर तोंडाला लावला. मग तिनं फोन लावला. "बशीरभाऊ, या. आहात तसे या."

मिस्त्री आला. फट फट फट फट! मोटरसायकलवर नवी बॅटरी, स्वच्छ डिझेलचा डबा.

गिरजानं चावी दिली. खट्! कुलूप उघडलं.

मिस्त्रीनं गाळ काढला. घाण डिझेल सांडलं, भळभळ, भळभळ. टाकी धुतली. फिल्टर बदलला. इंजिनात तेल घातलं, रेडिएटरमध्ये पाणी घातलं. चाकांत हवा भरली, फुस फुस, फुस फुस. पोटाखालचे उरलेले ओंडके काढले. बॅटरी जोडली. टाकीत स्वच्छ डिझेल ओतलं.

गिरजा सीटवर बसली. भानूनंच तिला ट्रॅक्टर शिकवला होता. तिनं ट्रॅक्टरची चावी फिरवली.

खर्र… खर्र… खर्र…

गप्प.

पुन्हा फिरवली. खर्र… खर्र…

गप्प.

चिमटी चाकापाशी बसली होती. तिनं कान लावला. आतून आवाजच येत नव्हता.

"मिस्त्रीकाका," ती म्हणाली, "लवकर."

"नळीत हवा अडकलीय," मिस्त्री म्हणाला. त्यानं एक स्क्रू सैल केला. हातानं पंप मारला. बुड बुड, बुड बुड. आधी फेस आला. मग थोडा फेस. मग फेस संपला, आणि डिझेल वाहिलं. सरळ, स्वच्छ धार.

मिस्त्रीनं स्क्रू घट्ट केला. "वहिनी, आता!"

खर्र… खर्र… ढुक्. ढुक् ढुक्. ढग ढग ढग ढग!

इंजिन फिरलं! धुरांड्यातून काळा धूर निघाला. वाळकी पानं उडाली. पत्रे थडथडले.

आबा भिंत धरून धरून शेडच्या दारात आले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते ओरडले, "हळू, गिरजे! खाली पोरं आहेत! सरळ पुढे घे, चाक वळवू नको!"

गिरजानं हळू, अगदी हळू क्लच सोडला.

ट्रॅक्टर हलला. एक वीत. दोन वीत. चाक सरकलं.

बीळ उघडलं.

चिमटी आत घुसली. बाहेर सगळे थांबले. गिरजा थांबली. मिस्त्री थांबला. आबा खाली बसले.

चिमटीनं एक पिल्लू आणलं. तोंडात धरून. ते वळवळत होतं.

दुसरं आणलं. तेही वळवळत होतं.

तिसरं आणलं. ते हललं नाही. चिमटीनं त्याला चाटलं. पुन्हा चाटलं. मग त्याचा इवलासा पाय हलला. चीं! तिसरं जिवंत होतं.

चिमटीनं चौथं आणलं. चिमटीनं त्याला चाटलं. पुन्हा चाटलं. खूप वेळ चाटलं. ते गार होतं. ते हललं नाही. चौथं पिल्लू मेलं होतं.

चिमटी त्याच्याजवळ बसून राहिली.

आबांनी ते पिल्लू तळहातावर घेतलं. बांधावरच्या मऊ मातीत बोटानं खळगा केला. पिल्लाला त्यात ठेवलं. वरून माती सारली. हातानं थोपटली.

मग आबा चिमटीपाशी आले. म्हणाले, "बाई गं, तिघं उपाशी आहेत. त्यांना जवळ घे."

चिमटीनं आबांकडे पाहिलं. मातीकडे पाहिलं. मग ती वळली.

शेडच्या कोपऱ्यात, चाकापासून लांब, गिरजानं जुनं गोणपाट अंथरलं. चिमटीनं एकेक पिल्लू उचलून तिथे नेलं. तिघांना पोटाशी घेतलं.

चुटु चुटु, चुटु चुटु.

तिघं प्याली. तिघं निजली. चिमटी जागी राहिली.

गोष्ट सांगून झाली.