उघडीने मागितलेलं घर

एका गावात एका घरामागं न्हाणी होती, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू होतं. त्या अळवात दोन गोगलगाई राहत. एकीच्या पाठीवर शंख होता, तिला सगळे शंखवाली म्हणत. दुसरीच्या पाठीवर काहीच नव्हतं, ती उघडी. दोघी एकाच पानाच्या दोन कडा खात, दोघींच्या मागं सारखाच चकचकीत माग उमटे. भांडण म्हणून कधी नाही. भांडायलाही थोडी घाई लागते, ती दोघींकडं नव्हती.

आश्विनात पाऊस थांबला आणि घरची माणसं लेकीच्या गावाला गेली. न्हाणी कोरडी पडली. तीन दिवसांत अळवानं माना टाकल्या. चौथ्या दिवशी सकाळीच उघडीच्या अंगाला ताण बसू लागला.

शेणकिडा आपली गोळी ढकलत चालला होता. थांबून म्हणाला, "उघडे, आज दुपारी तुझी सुकट होणार बघ! शंखवालीचं बरं आहे. घर पाठीवरच. आत शिरलं, दार लावलं, की ऊन गेलं खड्ड्यात."

उघडी घाबरली. तशीच सरपटत शंखवालीकडं गेली.

"ताई, आजची दुपार तुझं घर मला दे गं. दिवस मावळला की परत करीन. नाही दिलंस तर मी काही संध्याकाळ बघत नाही."

शंखवालीनं शिंगं आत घेतली, पुन्हा बाहेर काढली. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशी अळवातली रीतच होती. मुंगी दाणा देई, गांडूळ बीळ देई.

"ने की," ती म्हणाली. "पण मी कधी बाहेर निघालेच नाही गं. कसं निघतात, ते ठाऊक नाही."

"त्यात काय! मी ओढते."

शेणकिड्यानं मागून शंखाला पाय लावले. "हं, लावा जोर! नवरी निघाली सासरी!"

उघडी ओढू लागली. शंखवाली तसूभरही सुटेना.

"अंग सैल सोड की, ताई!"

"सोडलंय गं बाई."

"मग आणखी सोड!"

शेणकिड्यानं दगडाला पाठ टेकवून एक रेटा दिला. टक् झालं. शंखाचा टिकलीएवढा टवका उडाला. घर सुटू लागलं असं वाटून उघडीला आनंद झाला. आतली खोली कशी असेल म्हणून ती वर चढली आणि भोकातून तिनं आत पाहिलं.

आत खोली नव्हतीच. शंखाला आतून मांस चिकटलेलं होतं, ओलं, थरथरतं. आणि त्या मांसात इवलंसं काळीज उडत होतं. टप्, टप्, टप्.

उघडी जागच्या जागी थिजली. ऊन विसरली, तहान विसरली. आपण काय ओढत होतो, हे तिला आधी उमगेना, आणि मग उमगलं.

तेवढ्यात खालून शंखवालीचा बारीक आवाज आला, "निघतंय का गं? दुखतंय जरा. पण तू ओढ, मी सोसते."

"नको!" उघडी किंचाळली. "ताई, हे घर नाही गं! हे तूच आहेस!"

शेणकिड्यानंही डोकावून पाहिलं. तो गोळी तिथंच टाकून निघून गेला.

ऊन चढत होतं. उघडीच्या अंगात थोडा ओलावा उरला होता. तो जपायचा सोडून तिनं आपल्या चिकानं ते भोक लिंपलं, वर अळवाचा तुकडा दाबला. शंखवाली आत गेली आणि तिनं तोंडावर पापुद्र्याचं दार लावलं.

उघडीला मात्र कुणाला तोंड दाखवावंसं वाटेना. ती न्हाणीच्या दगडाखाली, पान जेमतेम सरकेल एवढ्या फटीत घुसली. खाली, आणखी खाली. आणि तिथं, कुठलाही शंख पोचला नसता अशा जागी, माती गार होती. ओली होती.

आठवड्यानं माणसं परतली, पाणी वाहू लागलं. शंखवाली बाहेर आली. जखम आतून भरली होती, वर पांढरा वण राहिला होता. उघडी पुढं आली, पण तिला वर बघवेना.

शंखवालीच म्हणाली, "अगं, मलाही कुठं ठाऊक होतं?"

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याचं जे मागाल, ते त्याचं सामान आहे की त्याचं काळीज, हे आधी बघावं; आणि देणाऱ्यानंही, दुखलं की नाही म्हणावं.