रंगाऱ्याच्या बायकोचं पिवळं लुगडं

एका गावात एक रंगारी राहत होता. तो स्वतः गावाची वेस ओलांडून कधी लांब गेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पण गावातलं कोणीही परमुलखात निघालं, की सामान बांधण्याआधी त्याच्या दारात यायचं.

"कुठे निघालात?" रंगारी विचारायचा.

ठिकाण कळलं की तो डोळे मिटायचा. तिथली माती कोणती, डोंगर उघडे की झाडीचे, या दिवसांत शेतात काय उभं असतं, हे सगळं त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारून पाठ केलं होतं. तांबड्या मातीच्या मुलखात जाणाऱ्याला तो विटकरी पागोटं रंगवून द्यायचा. जोंधळ्याच्या रानातून जाणाऱ्या बाईला कणसाच्या रंगाचं फिकं लुगडं द्यायचा. "ज्या मुलखात जायचं, त्या मुलखाच्या रंगात जावं," तो म्हणायचा. "म्हणजे माणूस तिथे उपरा दिसत नाही." लोक परत येऊन सांगायचे, की तिकडे आमच्या कपड्यांचं फार कौतुक झालं. त्यात खोटं काही नव्हतं. रंगारी आपल्या कामात खरोखर पक्का होता.

फक्त एकदा त्याचा हात चुकला होता. लग्न झालं त्या वर्षी त्याने बायकोसाठी डाळिंबाच्या साली उकळून एक पिवळं लुगडं रंगवायला घेतलं. पण नव्या नवरीकडे बघण्याच्या नादात कढईतलं कापड खाली दाबायचं राहिलं. रंग कुठे भडक बसला, कुठे फिका, आणि पदरावर तळहाताएवढे दोन पांढरे डाग राहून गेले. रंगारी म्हणाला, टाकून दे. बायकोने ते नेसलं, आणि पुढची वीस-बावीस वर्षं नेसत राहिली. बाजाराला तेच, जत्रेला तेच.

"रंगाऱ्याची बायको आणि असलं नेसते," तो कुरकुरायचा.

"रंगाऱ्याची बायको आहे म्हणून तर मिळालं," ती म्हणायची. "दुसऱ्या कोणाला असं जमलं असतं का?"

त्यांना एकच मुलगी होती. ती दोन डोंगर उतरून, खाडीच्या पलीकडे, एका नावाड्याच्या घरी दिली होती. पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी आणायचं ठरलं होतं, पण दिवस आधीच भरले आणि बाळ तिकडेच झालं. एका सकाळी मीठ विकणारा म्हातारा गावात आला आणि त्याने निरोप सांगितला.

"मुलगी झालीय. पुनवेला बारसं आहे. तुमची लेक म्हणते, आईने हाताने शिवलेलं दुपटं पाळण्यात अंथरल्याशिवाय मी बाळाला पाळण्यात घालणार नाही. आणि आईला म्हणावं, येताना ते पिवळं लुगडं नेसून ये."

रंगाऱ्याच्या बायकोने पदराने डोळे टिपले. दोन वर्षं झाली होती लेकीला पाहून.

म्हाताऱ्याने आणखीही एक गोष्ट सांगितली. "पुनवेला भर दुपारी भरती येते. तेव्हाच नाव अलीकडच्या काठाला लागते. पाणी उतरलं की मांडीभर चिखल, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नाव नाही. खाडी रुंद आहे, हाक पोचायची नाही. काठावर माणूस उभं दिसलं, की पलीकडून नाव निघते."

रंगाऱ्याचं याकडे अर्धंच लक्ष होतं. तो विचारत होता, "तिथली झाडं कसल्या रंगाची? आणि चिखल?"

"झाडं तिवराची, खाऱ्या चिखलात वाढणारी. वर काळपट हिरवी, खाली राखाडी. चिखल म्हशीच्या पाठीसारखा."

झालं. रंगाऱ्याला काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः प्रवासाला निघणार होता, तेही नातीच्या बारशाला. त्याने नीळ काढली, डाळिंबाच्या साली भिजत घातल्या, हिरडा कुटला, गंजक्या लोखंडाचं पाणी करून ठेवलं. बायकोसाठी त्याने तिवराच्या पानासारखं लुगडं रंगवलं, काठ चिखलाच्या रंगाचा. स्वतःसाठी राखाडी धोतर, राखाडी बंडी आणि हिरवं पागोटं. मग गाठोड्याचं फडकं पांढरं राहिलं, ते रंगवलं. पंचा रंगवला. पिशवीचा बंदसुद्धा सोडला नाही.

"अहो, लेकीने पिवळं नेसायला सांगितलंय," बायको म्हणाली.

"मायेने सांगितलं असेल. पण पहिल्यांदा जातोय आपण व्याह्यांच्या दारात. तिथल्या हिरवाईत ते भडक ठिगळ कसं दिसेल? तिच्या सासरची माणसं म्हणतील, हा कसला रंगारी. टाकून दे आता ते, विरलंय पार."

बायकोने मान डोलावली. आठ दिवस तो लहान मुलासारखा त्या कढईभोवती नाचत होता, आणि त्याचं तोंड उतरलेलं तिला बघवलं नसतं. पण दुपारी तो जरा आडवा झाला की ती सुई-दोरा घेऊन मागच्या पडवीत बसे. विरलेल्या लुगड्याइतकं मऊ कापड दुसरं नसतं. तिने त्या पिवळ्याचे तुकडे बेतले, एकावर एक ठेवले आणि नातीसाठी दुपटं शिवलं. डागांचा तुकडा तिने वरच्या बाजूलाच घेतला, आणि दुपटं घडी घालून गाठोड्याच्या तळाशी ठेवलं.

कपडे वाळायला दोन दिवस जास्त लागले. त्यामुळे निघायला उशीर झाला, आणि दोन डोंगर उतरून दोघं खाडीच्या काठाला पोचली ती नेमकी पुनवेच्या दुपारी. पाणी काठोकाठ होतं. पलीकडे एक कौलारू घर, त्याच्यासमोर बांधलेली नाव, आणि दारात कोणीतरी बसलेलं. मांडीवर काहीतरी होतं. बाळंतिणीला उंबऱ्याबाहेर पडायची परवानगी नव्हती, म्हणून ती दारातच बसली होती, काठाकडे डोळे लावून.

"ती बघा, आपली बाय," आई म्हणाली.

रंगाऱ्याने दोन्ही हात वर केले. मग हाका मारल्या. मग पागोटं सोडून हलवलं. पलीकडे काहीच हललं नाही. बायकोने पदर हलवला, पंचा हलवला. नाव होती तिथेच होती.

"जरा पुढे जाऊन बघतो," म्हणत रंगारी काठाने पन्नास पावलं गेला. तिथूनही काही जमेना, तेव्हा बायकोला विचारायला मागे वळला, आणि त्याला बायको दिसेना. समोर तिवरं होती, खाली चिखल होता, वाऱ्याने पानं हलत होती. त्यातलं कोणतं पान आणि कोणता पदर, हे त्याचं त्यालाच कळेना. ज्या बाईबरोबर त्याने इतकी वर्षं काढली, ती भर उन्हात, हाकेच्या अंतरावर, त्याच्या डोळ्यांसमोरून नाहीशी झाली होती.

"अगं, कुठे आहेस?" तो ओरडला.

"इथेच आहे की," झाडांतून आवाज आला. "बघा, कशी शोभतेय."

तो धावत आला आणि त्याने तिचा हात घट्ट धरला. त्याला हसायला येईना. तिवराच्या मुळांवर ओली रेघ उमटली होती आणि पाणी तिच्या चार बोटं खाली गेलं होतं. ओहोटी लागली होती.

"माझ्यामुळे झालं हे," तो म्हणाला. "इतकं छान रंगवलं, की पोरीला आपण दिसतच नाही. नात आज पाळण्यात जायची नाही. आपल्याकडे हलवायला एक पांढरं फडकंसुद्धा उरलं नाही गं."

बायकोने खाली बसून गाठोडं सोडलं, आणि तळातून दुपटं काढलं.

उन्हात ते पिवळं असं काही उजळलं, की रंगाऱ्याने डोळे बारीक केले. पदरावरचे दोन पांढरे डाग त्याने लगेच ओळखले.

"तुम्हाला आवडायचं नाही म्हणून लपवलं," ती म्हणाली. "पण बाळाचं आहे. चिखल लागला तर?"

रंगाऱ्याने आपल्या काठीच्या टोकाला दुपटं बांधलं, गुडघाभर चिखलात उतरला, आणि आयुष्यभर ज्या कापडाची त्याला लाज वाटली, ते डोक्यावर उंच धरून हलवत राहिला.

पलीकडे दारातलं माणूस उभं राहिलं.

मग कोणीतरी घाईने नावेकडे पळालं, आणि नाव निघाली. ती काठाला लागली तेव्हा खालचा चिखल वल्ह्याला लागायला लागला होता. जावयाने सासू-सासऱ्यांना हाताला धरून वर घेतलं.

"माफ करा मामा," तो वल्हं मारता मारता म्हणाला. "मी चार वेळा बघितलं. मला नुसती तिवरं दिसत होती. मी हिला म्हटलंसुद्धा, आता कोणी येत नाही, आत जाऊन पड. पण ही हलेना. आणि एकदम म्हणाली, अहो नाव काढा, आईचं पिवळं दिसतंय."

घरी पोचल्यावर लेक आईच्या गळ्यात पडली. बऱ्याच वेळाने तिने बापाकडे बघितलं. तो गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, दाराशी अवघडून उभा होता.

"बाय, तू पिवळं नेसायला का सांगितलंस?" त्याने विचारलं. "त्याहून कितीतरी चांगले रंग केले मी."

"केलेत ना, आबा. पण ते सगळे लोकांसाठी केलेत," लेक म्हणाली. "लहानपणी बाजारात आईचा हात सुटला, की मी रडायचे नाही. मी ते डागांचं पिवळं शोधायचे. तसलं दुसरं कोणाकडेच नव्हतं. आजही मी झाडं बघत नव्हते, पाणी बघत नव्हते. तेच शोधत होते."

रंगाऱ्याने तोंड फिरवलं आणि पागोट्याच्या शेवाने नाक पुसलं. दिवेलागणीच्या आधी पाळण्यात दुपटं अंथरलं गेलं. त्याच्या एका कोपऱ्याला चिखल लागला होता, तो कोपरा आजीने खाली दुमडला. बाळ त्यावर पडलं आणि लगेच झोपलंही.

गावी परत आल्यावर रंगाऱ्याचं दुकान पूर्वीसारखंच चालू झालं. लोक पूर्वीसारखेच प्रवासाआधी यायचे. फक्त रंगाऱ्याचा पहिला प्रश्न बदलला होता. "कुठे निघालात?" हे तो नंतर विचारायचा. आधी विचारायचा, "तिथे कोण वाट बघतंय? आणि ते तुम्हाला कशावरून ओळखतील?"

जिथे कोणीच वाट बघत नसेल, तिथे जाणाऱ्याला मात्र तो अजूनही डोंगर-झाडांना शोभेल असाच रंग द्यायचा. तेवढी हौस त्याची सुटली नाही, आणि बायकोही त्याला ती सोड म्हणाली नाही.

तात्पर्य: देखाव्याला शोभावं जरूर, पण आपली वाट बघणाऱ्याचे डोळे देखाव्यावर नसतात, ते आपल्याला शोधत असतात; त्यांना ओळखू येईल ती खूण, डाग पडलेली असली तरी, सोबत ठेवावी.