राणीचं लुगडं हलेपर्यंत

कोसमघाटला पाहुणे येतात ते धान घरात आल्यावर, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवशी. आल्या आल्या दोन गोष्टी विचारतात. झाडीपट्टीतल्या साऱ्या गावांत नाटक रात्री होतं, इथं ते दुपारी का? आणि मांडवाचं तोंड गावाकडे सोडून नदीकडे का? उन्हात नटांच्या तोंडचा रंग वितळून गळ्यात उतरतो, बाया ओल्या रेतीवर पोती टाकून बसतात, तरी मांडव कोणी फिरवत नाही. म्हातारी माणसं मग नुसतं पल्याड बोट दाखवतात. तिथं रेतीच्या उंचवट्यावर एक बांबू आहे आणि बांबूला हिरवं लुगडं. बसा. त्याचीच गोष्ट आहे.

तेव्हा या नदीवर पूल नव्हता, डोंगा होता, आणि डोंगा चालवणाऱ्या ढिवरांच्या घरी आडकू नावाचा गडी होता. गावात दरसाल एकच नाटक व्हायचं. राजा कान भरणाऱ्यांचं ऐकून राणीला वनात धाडतो आणि शेवटी चूक कळल्यावर हाक मारतो, "राणी, घरी चल." राणी म्हणते, "आली मी, राजा." एवढंच. पण राणी आडकू व्हायचा, आणि त्या "आली मी"च्या आधी तो असा थांबायचा, की बाया पदर तोंडात कोंबायच्या. राजा व्हायचा त्याचा लहानपणचा सोबती, लटारू.

एका साली वनवासाच्या प्रवेशात आडकूचा हात मशालीवर टेकला आणि तिथंच राहिला. बोटं भाजली, तो बोलतच होता. लोकांनी टाळ्या पिटल्या, काय नट आहे म्हणून! लटारू मात्र बोटांकडे बघत होता. त्या बोटांना काही कळत नव्हतं. पाठीवर चट्टे तर आधीपासूनच होते. तेव्हा महारोगाला औषध नव्हतं, भीतीच होती. पंच बसले. नदीपल्याड झोपडी बांधून दिली, शिधा डोंग्यातून पोचवायचं ठरलं. राणीचं हिरवं लुगडं आता कोणी नेसणार नव्हतं, तेही त्याच्याबरोबर डोंग्यात टाकलं.

पल्याड आडकूला सगळं ऐकू यायचं म्हणे. कांडणाचे ठोके, कोंबडे, कोणी लेकराला मारलेली हाक. त्यातलं काहीच त्याच्यासाठी नसायचं. सकाळी तो लुगडं नेसून रेतीवर उभा राहायचा आणि राणीचं काम सुरू करायचा. शब्द होते, सूर होता. पण बाया रडायच्या त्या जागी सवयीनं थांबला, की नदीच तेवढी वाहताना ऐकू यायची. समोर डोळे नसले की राणी येतच नव्हती. लुगडं नेसलेला एक रोगी माणूस रेतीत उभा असायचा. मग तो खाली बसायचा.

पुढची मंडई आली. तेव्हा मांडवाचं तोंड देवळाकडे असे. पल्याडून आडकूला मागचा पडदा आणि मशालींचा उजेड तेवढा दिसला. राणी झाला होता टेकामांचा फागू. राजानं हाक मारली आणि फागूनं न थांबता उत्तर फेकून दिलं. आडकूला राहवलं नाही. अंधारातून, पाण्यावरून, खरी राणी बोलली, "आली मी, राजा."

"राणी वनातूनच बोलून रायली बे!" कोणी तरी म्हणालं. थोडे हसले. पण लेकरं किंचाळली, बाया उठल्या, नाटक मोडलं.

दुसऱ्या दिवशी लटारू शिधा घेऊन गेला. डोंग्यातूनच म्हणाला, "पंच म्हणतेत, पुन्हा आवाज आला तं शिधा बंद."

आडकूनं नदीचं पाणी ओंजळीत घेतलं. "नाई बोलत गा. या नदीची आण. मरेवर सबूद नाई काढत. पण मले पाहू तं द्या. तुमची पाठच दिसते मले."

लटारूनं ते पंचांपुढे ठेवलं, म्हणाला मांडव नदीकडे फिरवा.

"एका माणसापायी सारं गाव ओल्या रेतीत बसन का?" पाटील म्हणाले.

"मंग राजा दुसरा पाहा, पाटील."

दुसरा राजा कुठून आणणार? पुढच्या साली मांडव फिरला. मशालींच्या उजेडात पल्याडून सारं लख्ख दिसत होतं. शेवटी लटारू पुढे आला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि समोर नुसता काळोख. मग पंचांकडे वळून म्हणाला, "आपण त्याले दिसतो. तो आपल्याले कोठं दिसते? कोणाले हाक मारू म्या?" मुकुट काढून तो मंचावरच खाली बसला.

दुसऱ्या दिवशी उन्हं असतानाच खेळ पुन्हा मांडला. पल्याड उंचवट्यावर बसलेला हिरवा ठिपका साऱ्या गावाला दिसला. आजवर तिकडे कोणी बघितलंच नव्हतं. लटारूनं फागूच्या डोक्यावरून नदीवर हाक टाकली, "राणी, घरी चल!" फागू शहाणा, गप्प राहिला. सगळी डोकी वळली. आडकू उठला. थांबला, पूर्वीसारखाच. आण मोडली नाही. झडत्या बोटांच्या हातांवर पदर घेतला आणि उंच केला. बाया रडल्या, त्या जागीच रडल्या.

तीच मग रीत झाली. तालमीतही नट या काठावरून बोलायचे. पल्याड पोचलं तर पदर उठायचा, नाही तर आडकू बसूनच. म्हणून इथला नट पुढच्या रांगेच्या वाहवेवर भुलत नाही, नजर सगळ्यात लांबच्या माणसावर ठेवतो.

पण पदर खाली आला की गाव उठून घरी जायचं, आणि तो पल्याडच राहायचा. "घरी चल" असं साऱ्या गावादेखत दरसाल त्याला म्हणायचे, आणि डोंगा कोणी सोडत नसे.

एका मंडईला हाक गेली आणि पदर उठला नाही. लटारूनं पुन्हा हाक मारली. मग रंगल्या तोंडानं, मुकुटासकट, तो डोंग्यात बसला. आडकू उंचवट्यावर बांबूला टेकून होता, डोळे मांडवाकडे. लुगडं अंगावर नव्हतं. हात उचलवत नसावेत, म्हणून त्यानं ते दातांनी गाठ मारून बांबूला बांधलं होतं, वाऱ्यानं तरी हलवावं म्हणून. आणि त्या दिवशी वारा पडलेला. लटारू शेजारी रेतीत बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो थंड पडलेला हात हातात घेतला. बऱ्याच वेळानं झुळूक आली असं सांगतात, आणि अल्याड बसलेल्या गावानं लुगडं उठताना पाहिलं.

आजही मंडईआधी पल्याड नवं हिरवं लुगडं बांधतात. आजही राजा नदीवर हाक मारतो, मंचावरची राणी गप्प राहते आणि सारं गाव वळून बघत बसतं. कधी वारा लगेच येतो. कधी उन्हं उतरतात, रेती गार पडते, लेकरं भुकेनं किरकिरतात. पाहुणे एकमेकांना विचारतात, संपलं का? लुगडं हलेपर्यंत कोणी उठत नाही. खाली घाटाला डोंगा लावलेला असतो, वल्हं आत ठेवून, मधली जागा राणीसाठी रिकामी. आडकू होता तेव्हा तो लावायचा राहून गेला होता.