चौथ्या भागीरथीचा गडू

एकदा एका हाडवैद्याकडे शिकणाऱ्या मुलीने आपले नाव बदलून मागायचे ठरवले.

नाव वाईट नव्हते. भागीरथी. पण त्या गावात हे नाव आधीच तीनदा वापरून झाले होते, आणि तिन्ही वेळा इतके उत्तम वापरले गेले होते की चौथीसाठी त्यात काही शिल्लक असेल असे तिला वाटत नव्हते. एक भागीरथी गायिका होती; तिला न्यायला दूरदूरच्या गावांहून गाड्या येत. दुसरी डोळ्यांची औषधे करी; तिच्या अंगणात सकाळपासून माणसे डोळे मिटून ओळीने बसलेली असत. तिसरी गणिती होती. ग्रहण कोणत्या घटकेला लागेल हे ती सांगे, आणि जणू तिचे ऐकूनच ते त्या घटकेला लागे. गावातले लोक लेकींची नावे या तिघींवरून ठेवत. मुलीच्या आईनेही तेच केले होते. तिघींपैकी कोणावरून, हे मात्र तिने कधी सांगितले नाही.

मुलगी स्वभावाने घाबरट होती. दाराची कडी वाजली तरी दचके, आणि दचकल्यावर आपण दचकलो हे कोणी पाहिले का, याची काळजी करत बसे. त्यातून दारात आलेला प्रत्येक अनोळखी माणूस नाव विचारी. ते ऐकले की त्याचा चेहरा आधी उजळे आणि मग हळूच विझे. ते विझणे तिला पाठ झाले होते.

धान्याचा एक व्यापारी गुडघा शेकून घ्यायला वैद्यांकडे येत असे. त्याला या गोष्टीत फार मौज वाटे.

"म्हणजे तू गाणारी नव्हेस," तो म्हणे.

"नाही, शेटजी."

"डोळेवाली नव्हेस. ग्रहणवाली तर नव्हेसच. मग तुला आम्ही चौथी म्हणतो. लक्षात ठेवायला बरं."

हळूहळू बाजारात सगळेच तिला चौथी म्हणू लागले.

सात वर्षे झाली. मुलीचे हात तयार झाले होते. वृद्ध वैद्य कापडी पिशवीत हाडे घालून ती बाहेरून चाचपायला लावीत. आता ती पिशवीला बोट लावताच हाड सांगत असे. नदीपलीकडच्या वस्तीत हाडवैद्य नव्हता. तिथल्या लोकांनी माणूस मागितला, आणि वैद्यांनी सांगितले, "आमची भागीरथी येईल."

त्या दिवसापासून मुलीची झोप उडाली. ती पट्ट्यांच्या वळ्या सोडी, पुन्हा गुंडाळी, पुन्हा सोडी. तिसऱ्या दिवशी ती वैद्यांपुढे उभी राहिली.

"तात्या, मी जाणार नाही."

वैद्य तेल कोमट करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "का गं?"

"ते लोक वाट बघत असतील. कोणाची, ते त्यांनाही ठाऊक नसेल. मी उतरेन, ते म्हणतील, ही कोण? मग मी सांगायचं, मी ती नव्हे, ती नव्हे, तीही नव्हे. सगळा जन्म मी कोण नाही तेच सांगत बसायचं का? मला दुसरं नाव द्या. नवं, गावात कोणाचं नसलेलं. मग जाते."

"आणि नाही दिलं तर?"

"तर नाही जात." हे बोलताना तिचा आवाज कापला, पण ती बोलली.

वैद्यांनी तेलाचे भांडे खाली उतरवले. "उद्या तुझ्या निरोपाचं जेवण आहे. परवा गावाची भांडी परत गेली की संध्याकाळी नाव ठरवू. तांबटालाही बोलावून ठेवतो."

तांबट कशाला, हे तिला कळले नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्या गावात एक रीत होती. कोणा शिष्याला गुरूचे घर सोडायची अनुज्ञा मिळाली की गावजेवण होई. त्याला भांडी गावातूनच येत, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ज्याची त्याच्या घरी पोचती करावी लागत. भांड्यांवर मालकाचे नाव घातलेले असे, त्यामुळे हे काम कठीण नव्हते. मुलीच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी ताटे-वाट्या-पातेली इतरांनी सकाळीच पोचवली. मुलीच्या वाट्याला फक्त पाणी वाढायचे गडू उरले.

तांब्याचे चार गडू. चिंचेने घासून लखलखीत केलेले, पालथे घालून सुकत ठेवलेले. तिने एक उचलून नाव वाचले. भागीरथी. दुसरा उचलला. भागीरथी. तिसराही तसाच. चौथ्यावरही तेच.

"तात्या, हे कोणी मागवले?"

"मी."

"पण चारहीवर एकच नाव आहे. कोणता कोणाचा, ते कसं कळायचं?"

"ज्यांचे आहेत त्यांना कळेल," वैद्य म्हणाले आणि एका म्हाताऱ्याचे मनगट बघू लागले.

मुलगी चारही गडू टोपलीत घालून निघाली. ऊन अजून डोक्यावर होते, तरी तिला दिवस मावळत आल्यासारखेच वाटत होते. गावात भागीरथी तीन. मोठ्या, ज्यांच्याकडून गडू मागवावा अशा, तीनच. मग चौथा कोणाचा? चुकीचा गडू चुकीच्या घरी गेला तर? टोपलीत गडू एकमेकांना लागून वाजले की ती थांबे आणि उगाचच त्यांना हात लावून बघे.

गायिका पडवीत बसून पान जुळवत होती. मुलीने अडखळत अडचण सांगितली. गायिकेने नावाकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने एकेका गडूवर नखाने टिचकी मारली. पहिला ऐकून तिने तोंड वाकडे केले. दुसरा ऐकून म्हणाली, "हा घशाने बोलतो." तिसऱ्याला टिचकी मारली आणि तो कुशीत ओढला.

"हा माझा. वीस वर्षं सकाळी उठून याच्या सुरात पहिला सूर मिळवतेय. दुसऱ्याच्या घरचं पाणी पिऊन आला, तरी बोलतो तसाच."

"बाई," मुलीने धीर करून विचारले, "तुम्हाला कधी त्रास नाही झाला? नावाचा?"

"झाला की. अजूनही आठवड्याला एखादा डोळे लाल करून दारात उभा राहतो. आधी चिडायचे. आता पलीकडची गल्ली दाखवते." ती हसली. "आणि तिकडे तिला लग्नात गायची आमंत्रणं जातात म्हणे."

पलीकडच्या गल्लीत डोळ्यांचे औषध करणाऱ्या म्हातारीला मुलीने हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "जातात ना. एकदा गेलेसुद्धा होते मी. जेवण बरं होतं." तिची स्वतःची नजर अधू झाली होती. तिने उरलेल्या तिन्ही गडूंच्या काठावरून अंगठा फिरवला. एका काठाला किंचित वाक होता. तिथे अंगठा थांबला. "हा बघ. इथून धार बारीक पडते. डोळ्यात पाणी घालायचं तर इतकीच लागते. हा वाक मी मुद्दाम नाही हो पाडला. ओतून ओतून आला."

गणिती भागीरथीने मात्र मुलीचा जीव खाल्ला. दोन्ही गडू तिने पाटावर ठेवले आणि पळीने एकात पाणी भरू लागली. एक एक पळी, मोजत. मुलगी उंबऱ्यात उभी राहून उन्हाकडे बघत होती. ऊन भिंतीवर चढत चालले होते.

"आजी, जरा लवकर..."

"मध्ये बोलू नकोस. एकेचाळीस."

सेहेचाळिसाव्या पळीला पाणी गळ्याशी आले. "हा माझा नाही." तिने दुसरा भरायला घेतला. मुलीला रडू येईल असे वाटले. एकोणपन्नासाव्या पळीला गणिती थांबली, मान डोलावली आणि गडू आत नेऊन ठेवला. नावाकडे तिनेही पाहिले नाही.

मुलीच्या हातात एक गडू उरला.

आता घर उरले नव्हते. रिकामी टोपली काखेत आणि गडू हातात घेऊन ती बाजारातून परत निघाली, आणि तेवढ्यात मागे धप्पकन काही पडले. ती इतकी दचकली की गडू हातातून सुटता सुटता राहिला.

व्यापाऱ्याच्या दुकानात पोत्यांची थप्पी ढासळली होती. वरचे पोते ओढायला चढलेला व्यापारी खाली पडून विव्हळत होता. उजवा हात विचित्र कोनात लोंबत होता. खांद्याची गोलाई नाहीशी झाली होती.

"वैद्य म्हातारे, इथवर यायला वेळ लागेल. भागीरथीला बोलवा," कोणीतरी म्हणाले.

"कोणत्या?"

"औषधवाल्या."

"ती डोळ्यांची. खांद्याला काय करणार?"

"मग कोणाला बोलवू? गाणारीला?"

मुलगी दुकानाच्या पायरीशी उभी होती. तिला पळून जावेसे वाटत होते, आणि तिचे हात त्या खांद्याकडे बघत होते. हात बघतात, असे तात्या नेहमी म्हणत. तिला ते आजवर उमगले नव्हते.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. आवाज कापला. पण लोक बाजूला झाले.

तिने व्यापाऱ्याला उताणे निजवले. काखेत आधाराला गोल, टणक काहीतरी हवे होते. आजूबाजूला सगळे धान्यच धान्य. तिने कमरेची पट्टीची वळी सोडून गडूभोवती गुंडाळली, तो व्यापाऱ्याच्या काखेत बसवला, त्यावर टाच टेकली आणि मनगट धरून हळूहळू ओढ द्यायला सुरुवात केली. व्यापाऱ्याने अंग आवळून धरले होते. आवळलेल्या अंगात हाड जागेवर जात नाही. अशा वेळी दुखणाऱ्याला काहीतरी विचारायचे, तात्यांनी शिकवले होते; ज्याचे उत्तर त्याच्या जिभेवरच असेल असे काहीतरी.

"शेटजी, मी कितवी भागीरथी?"

"चौ..." व्यापारी म्हणाला, आणि खांदा खट् करून जागेवर बसला.

व्यापारी छताकडे बघत होता. त्याने बोटे हलवून पाहिली, मग मनगट. "गेली कळ," तो पुटपुटला. मग जरा वेळाने, तिच्याकडे न बघता म्हणाला, "पट्टी तूच बांध. दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही मी."

पट्टीसाठी तिने गडूचे कापड सोडले. गडूच्या पोटावर मोठा पोचा आला होता. लखलखीत, गोल गडू एका अंगाने आत गेला होता. कोणाचा कोण जाणे, परक्या घरचा.

खांदा बांधून होताच ती निघाली ती जवळजवळ धावतच. सूर्य टेकडीला टेकला होता. वैद्यांच्या ओट्यावर तांबट छिन्नी-हातोडी घेऊन बसला होता. ती धापा टाकत उभी राहिली.

"तात्या, एक उरला. तिघींनी आपापला नेला, हा कोणाचाच निघाला नाही. आणि मी तो खराब केला. शेटजींचा खांदा निखळला होता, काखेत घालायला दुसरं काही मिळेना. आता दिवस मावळतोय आणि याचं घर मला सापडत नाही."

"त्या तिघींनी आपला कसा ओळखला?"

"एकीने आवाजावरून. एकीने काठावरून. एकीने पळ्या मोजून."

"नाव कोणी वाचलं?"

मुलगी थबकली. "कोणीच नाही."

"तुझा अंगठा कुठं आहे बघ."

तिने खाली पाहिले. बाजारापासून ती गडू घट्ट धरून आली होती, आणि तिचा अंगठा पोच्यात बरोबर बसला होता.

"हा गडू मी चैत्रात तुझ्यासाठी घडवून घेतला," वैद्य म्हणाले. "नाव तेव्हाच घातलं होतं. तरी आज दुपारपर्यंत तो कोणाचाच नव्हता. तूसुद्धा सगळ्या गावात त्याचा मालक शोधत फिरलीस. नाव काय, तांबट घटकाभरात घालून देतो. पोचा वापरूनच येतो, बाळ. त्या तिघींनी एकमेकींचं नाव कधी वाटून घेतलं नाही आणि हिरावलंही नाही. ज्या कामाला त्या बसल्या, तिथं त्यांच्या गडूला त्यांची खूण येत गेली. तुला नवं नाव हवं असेल तर हा बसलाय, सांग त्याला. मात्र नवं नाव घातलेला गडूही पहिल्या दिवशी कोराच असेल."

तांबटाने गडू हातात घेऊन फिरवला. "पोचा काढून देऊ का? दोन ठोक्यांचं काम आहे. आणि नाव काय घालायचं?"

मुलीने गडू परत घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली.

"काय राहू द्या? पोचा की नाव?"

पण ती गडू घेऊन पाणी भरायला आत गेली होती.

चार दिवसांनी नदीपलीकडच्या वस्तीत एक माणूस पाय मुरगळलेल्या लेकीला पाठीवर घेऊन आला. दार ढकलल्याचा आवाज झाला तेव्हा आतली मुलगी दचकली. ती सवय काही गेली नव्हती.

"भागीरथीबाई इथंच राहतात ना?" त्याने विचारले. "पण कोणत्या हो? आमच्याकडं लोक म्हणत होते, एक गाणाऱ्या आहेत, एक..."

मुलीने उंबऱ्याजवळचा गडू उचलला. अंगठा आपसूक जागेवर गेला.

"तिला आधी खाली बसवा," ती हातावर पाणी घेत म्हणाली, "आणि पाय बघू."